चालते घर: नवे घ्यावे की वापरलेले?

१/ मराठवाड्यातील लमाणांचा फिरता संसार बैलांच्या पाठीवर चाले. धान्य, मीठ लादून तांडा निघे. या व्यवसायाचे नाव लदेणी.

२/ बैल घेताना कोरा घ्यावा की ओझ्याला रुळलेला? उत्तर दातांत असे. दुदाती बैल तरुण, पण अननुभवी. आठही दात जुळल्यावर वय केवळ झिजेवरून ताडावे लागे. फसगत तिथेच होई.

३/ १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेडमार्गे धावू लागली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. माल रुळांवर गेला, लदेणी मोडली; बैलाला गिऱ्हाईक उरले ते मुख्यतः शेतीपुरते.

४/ माळेगावच्या खंडोबा यात्रेत आजही जनावराचे दात पाहूनच सौदा ठरतो. तांड्यांचे पोट ज्या पारखीवर चाले, ती तिथे पाहावी.