न हरता बाहेर

फेब्रुवारी उजाडला की युरोपातल्या चॅम्पियन्स लीग फुटबॉलच्या बाद लढतींचे वेध लागतात आणि आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांच्या झोपेचे खोबरे होते. तिकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे दीड वाजलेला असतो. घरातली मंडळी गाढ झोपलेली, टीव्हीचा आवाज अगदी बारीक आणि गोल झाला तरी ओरडायची चोरी! मी त्याच जमातीतला. जोड्या जाहीर झाल्या की कोण जिंकणार यावर आम्हा मित्रांत पैजा लागतात. पण आज मी भाकीत करणार नाही. दोन्ही संघ तुल्यबळ ठरले, तर पुढे कुणाला पाठवायचे? या साध्या प्रश्नाने युरोपीय फुटबॉलला अनेक दशके छळले आहे. त्याची ही गोष्ट.

ही स्पर्धा जन्मालाच एका वादातून आली. डिसेंबर 1954मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने हंगेरीच्या होनव्हेड संघाला आपल्या मैदानावर 3-2 असे हरवले. इंग्रजी वृत्तपत्रांनी वुल्व्हजला जगज्जेते ठरवून टाकले. 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाचे गाब्रिएल आनो यांना ते पटले नाही. आधी बुडापेस्टला आणि मॉस्कोला जाऊन खेळा, मग बोला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यातूनच युरोपियन कपची कल्पना पुढे आली आणि सप्टेंबर 1955मध्ये लिस्बनला पहिला सामना झाला. एक लढत आपल्या घरी, एक प्रतिस्पर्ध्याच्या घरी आणि दोन्हींच्या गोलांची बेरीज हा पाया तेव्हाच घातला गेला. घरचा वाघ बाहेर काय करतो, हे पाहणे हाच तर मूळ हेतू होता.

त्या काळी बाहेर जाणे मात्र सोपे नव्हते. फेब्रुवारी 1958मध्ये मँचेस्टर युनायटेडचा संघ बेलग्रेडला परतीची लढत 3-3 अशी बरोबरीत सोडवून, एकूण 5-4 अशा फरकाने उपांत्य फेरी गाठून निघाला. शनिवारी इंग्लंडमध्ये लीगचा सामना होता, त्यामुळे वेळेत पोहोचणे भाग होते. इंधनासाठी विमान म्युनिकला उतरले आणि बर्फाळ धावपट्टीवरून उड्डाणाच्या तिसऱ्या प्रयत्नात कोसळले. 23 जणांचे प्राण गेले, त्यांत आठ खेळाडू होते. परक्या मैदानावर जाऊन खेळण्याला त्या पिढीच्या लेखी केवढे मोल होते, ते यावरून कळावे.

आता बरोबरीचा प्रश्न. सुरुवातीला बेरीज सारखी झाली, तर त्रयस्थ ठिकाणी तिसरा सामना होई. तोही बरोबरीत सुटला तर? तर नाणेफेक! 1965मध्ये लिव्हरपूल आणि जर्मनीचा कोलोन यांच्यात उपांत्यपूर्व फेरीच्या दोन्ही लढती 0-0 अशा सुटल्या. तिसरी लढत रॉटरडॅमला झाली. कोलोनचा वोल्फगांग वेबर पायाचे हाड मोडलेले असताना खेळत राहिला, कारण बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती. 0-2 अशा पिछाडीवरून कोलोनने 2-2 अशी बरोबरी साधली. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही. तिन्ही लढती मिळून तीनशे मिनिटे झाली. मग पंचांनी एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने पांढरी असलेली चकती उडवली, तर ती चिखलात उभीच रुतली! पुन्हा उडवली आणि कौल लिव्हरपूलला मिळाला. कोलोनचा संघ एकही सामना न हरता घरी गेला.

असे पुन्हा होऊ नये म्हणून 1965-66मध्ये 'कप विनर्स कप' या दुसऱ्या युरोपीय स्पर्धेत एक नवा नियम आणला गेला. एकूण गोल सारखे झाले, तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाईल. हाच तो प्रसिद्ध 'अवे गोल'. हे गोल दुप्पट मोजले जातात, अशी अनेकांची समजूत असे. तसे नव्हते. बेरीज सारखी झाली तरच ते पाहिले जात. पाहुण्या संघाने नुसता बचाव न करता गोल करायचे धाडस दाखवावे, हा त्यामागचा विचार होता.

पण एक अन्याय टाळताना दुसरा दारात उभा राहिला. 1967मध्ये हा नियम युरोपियन कपमध्ये आला, तेव्हा बेलफास्टच्या ग्लेंटोरन या छोट्या क्लबची गाठ युसेबियोच्या बलाढ्य बेनफिकाशी पडली. घरी 1-1, लिस्बनला 0-0. बेनफिकासारख्या संघाला दोनदा रोखून, न हरता ग्लेंटोरन बाहेर! बेनफिका त्या वर्षी थेट अंतिम फेरीपर्यंत गेला. नाणेही लगेच हद्दपार झाले नाही. 1969मध्ये सेल्टिक आणि बेनफिका यांनी एकमेकांना 3-0 असे हरवले आणि नाणेफेकीत सेल्टिक पुढे गेला. पेनल्टी शूटआऊट आले ते 1970-71च्या मोसमात.

या नियमाची सर्वांत गमतीदार कसोटी 2003मध्ये लागली. मिलान आणि इंटर हे एकाच शहरातले, एकाच सॅन सिरो मैदानावर खेळणारे संघ उपांत्य फेरीत समोरासमोर आले. पहिली लढत 0-0, दुसरी 1-1. दुसऱ्या लढतीत कागदोपत्री यजमान इंटर होता, म्हणून मिलानचा गोल 'बाहेरचा' ठरला. मैदान तेच आणि गावही तेच, तरी मिलान पुढे गेला आणि पुढे विजेताही ठरला.

दरम्यान काळ बदलला होता. विमानप्रवास सोपा झाला, मैदाने सारखी झाली, प्रतिस्पर्ध्याचा खेळ चित्रफितीवर आधीच पाहता येऊ लागला. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या आकडेवारीनुसार, 1970च्या दशकाच्या मध्यापासून यजमानांच्या विजयांचे प्रमाण 61 टक्क्यांवरून 47वर आले आणि पाहुण्यांचे 19वरून 30वर गेले. शिवाय नियमाचा हेतूच उलटला. घरी एक गोल खाल्ला तर महागात पडेल, या धास्तीने पहिल्या लढतीत यजमानच हात आखडते घेऊ लागले.

मे 2019ची रात्र मी विसरू शकत नाही. आयाक्सच्या पोरसवदा संघाने रियाल माद्रिद आणि युव्हेंटस यांना बाहेर काढले होते. टॉटनहॅमला लंडनमध्ये 1-0 असे हरवून, घरी मध्यंतराला 2-0 अशी आघाडी घेतली होती. मग लुकास मोराने एकामागून एक तीन गोल केले, त्यातला शेवटचा 96व्या मिनिटाला. बेरीज 3-3 आणि अवे गोलवर टॉटनहॅम अंतिम फेरीत. आयाक्सचे खेळाडू गवतावर कोसळले ते उठेचनात. जादा वेळेचीही संधी त्यांना मिळाली नाही.

जून 2021मध्ये हा नियम रद्द झाला. त्याचा परिणाम पुढच्याच वर्षी दिसला. उपांत्य फेरीत मँचेस्टर सिटीने घरी 4-3 असा विजय मिळवला. परतीच्या लढतीत माद्रिदमध्ये 90व्या मिनिटापर्यंत सिटी पुढे होता. रॉद्रिगोच्या लागोपाठ दोन गोलांनी बेरीज 5-5 झाली. जुन्या नियमाने रियाल तिथेच जिंकला असता. नव्या नियमाने सिटीला आणखी अर्धा तास मिळाला. तरीही रियालच जिंकला, पण खेळून जिंकला.

मग आता सगळे न्याय्य झाले का? नाही. जादा वेळ आणि पेनल्टी परतीच्या लढतीच्या यजमानाकडेच होतात, हा त्याचा फायदा राहतोच. 2024-25पासून साखळीतले पहिले आठ संघ थेट शेवटच्या सोळांत जातात आणि तिथे परतीची लढत त्यांना घरी मिळते. निदान तिथे हा फायदा चिठ्ठीने नव्हे, कमाईने मिळतो. म्हणून जोड्या जाहीर झाल्या की मी संघांच्या नावांआधी दुसरी लढत कुठे आहे ते पाहतो. तुम्हीही पाहा.

अवे गोलमुळे शेवटच्या मिनिटांत होणारी ती जिवाची घालमेल मला आजही आठवते, नाही असे नाही. पण मोडक्या पायाने खेळणारा वेबर आठवला की वाटते, खेळाडूला हरवायचेच असेल तर ते चेंडूने हरवावे. चकतीने किंवा बेरजेच्या तळटीपेने नव्हे.