तारापूरची माणसे कुठे घडली?

मुंबईहून अहमदाबादकडे जाताना चारोटी नाका मागे पडला की विवळवेढे येते. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी आजूबाजूला वारली पाडे, भातखाचरे आणि महामार्गावरची वाहने. तारापूरचे अणुवीज केंद्र इथून साधारण तासाभराच्या वाटेवर. आपल्याकडे त्या केंद्राबद्दल बोलणे निघते ते किरणोत्सर्गाच्या भीतीचे, नाहीतर अक्करपट्टी-पोफरणच्या विस्थापितांचे. दोन्ही विषय रास्तच आहेत. माझा पेशा शिकवण्याचा असल्यामुळे मला तिसरा प्रश्न पडतो: हे केंद्र चालवणारी माणसे आली कुठून?

होमी भाभांना हा प्रश्न अणुभट्टीच्या कितीतरी आधी पडला होता. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. हिरोशिमाला अजून जवळपास दीड वर्ष होते. पत्रात मागणी होती मूलभूत संशोधनाच्या संस्थेची, पण त्यामागे हिशेब माणसांचा होता. दोनेक दशकांत अणूपासून वीज निघू लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे हात पसरावे लागू नयेत, असा त्याचा आशय. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि लगेच १९५७ मध्ये तिथेच ट्रेनिंग स्कूल निघाले. देशभरातून विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे पदवीधर निवडायचे, वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचे, उत्तीर्ण झाला की नोकरी तिथेच. अनिल काकोडकर याच शाळेतून बाहेर पडून १९६४ मध्ये ट्रॉम्बेत रुजू झाले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

तारापूरसाठी अमेरिकेशी करार झाला १९६३ मध्ये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन भट्ट्या बांधून दिल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये वीज सुरू झाली. म्हणजे वीज येण्याच्या बारा वर्षे आधी वर्ग भरला होता. त्याचे मोल १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कळले. अमेरिकेने तारापूरच्या इंधनाबाबत हात आखडता घेतला, कॅनडाने राजस्थानच्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. राजस्थानचा अर्धवट राहिलेला दुसरा संच आपल्या इंजिनिअरांनी पूर्ण केला. तारापूरही चालू राहिले. यंत्र विकत घेता येते, मात्र विकणारा रुसला की ते सांभाळायला घरची माणसे लागतात.

उर्दूत अणुऊर्जेला ‘जौहरी तवानाई’ म्हणतात. ‘जौहर’ म्हणजे अणू, आणि माणसाच्या अंगचा गुण म्हणजेही ‘जौहर’च. वर्गात हा शब्द आला की मी नेहमी थोडा रेंगाळतो. ‘हुनर’चा तर मराठीने केव्हाच ‘हुन्नर’ करून टाकला आहे. असो.

भाभांच्या पत्राला सव्वा वर्ष होत असताना, २३ मे १९४५ रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. यापुढे सावकार-जमीनदाराची वेठ करायची नाही, एवढा साधा ठराव. मुंबईत अणुशास्त्रज्ञांची तयारी आणि चार-पाच तासांच्या अंतरावर फुकट राबायला नकार, दोन्ही एकाच काळातले! त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी ताराबाई आणि अनुताई वाघ यांची कुरणशाळा. माझ्या लेखी ट्रॉम्बेच्या शाळेइतकेच हेही मनुष्यबळाचे नियोजन होते. फक्त ते दुसऱ्या टोकाकडून सुरू झाले.

मधला जिना मात्र कोणी नीट बांधला नाही. ट्रेनिंग स्कूलच्या दारात पोहोचायला पदवी हवी. त्याखाली फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, किरणोत्सर्ग मोजणारे तंत्रज्ञ. त्यांच्यासाठी ‘स्टायपेंडरी ट्रेनी’ची वाट आहे, पण तिथेही दहावीचे गणित-विज्ञान ठरावीक टक्क्यांनी आणि त्यावर आयटीआय लागते. ही अट गैर नाही. अणुभट्टीजवळ अर्धवट शिकलेला माणूस कोणालाच नको. पण पाड्यावरच्या पोराची वाट त्या जाहिरातीच्या बऱ्याच आधी बंद होते. बहुधा सहावी-सातवीत, अपूर्णांकांपाशी. आपल्या उर्दू शाळांतली बरीच मुले अडतात तीही नेमकी तिथेच, आणि वर विज्ञानाचे सगळे शब्द मराठी-इंग्रजीत नव्याने शिकायचे असतात. प्रकल्पासाठी जमीन मोजायला माणसे गावात येतात, तेव्हाच कोणी शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाची रिकामी जागाही मोजायला हवी.

२०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे लक्ष्य जाहीर केले. त्या वेळी देशाची क्षमता ९ गिगावॅटच्याही आत होती. त्या साली तिसरीत, आठ वर्षांचे असलेले मूल २०४७ मध्ये तीस वर्षांचे असेल, म्हणजे नियंत्रण कक्षात बसायच्या वयाचे. नव्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की मी भरतीच्या जाहिरातीतली पात्रतेची अट दहावीला वाचून दाखवणार आहे. सहावीला त्याआधी.