माथेरानची हवा आणि पायथ्याच्या वाड्या

कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव लागते. तेथील बालदिगंबर गणेशाच्या दर्शनास आलेला यात्रेकरू भातखाचरांवरून पश्चिमेकडे पाहू लागला, म्हणजे माथेरानचा डोंगर त्याच्या दृष्टीस पडतो. या मुलखातील आरोग्यविषयक जिज्ञासेचा इतिहास त्या डोंगरमाथ्यावर सुरू झाला आणि पायथ्याच्या वाड्यांपर्यंत उतरण्यास त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

सन 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे खालापूरकडील चौक गावाहून तो डोंगर चढून गेले, आणि मुंबईच्या उकाड्याने खंगलेल्या साहेबांना तेथील हवा मानवते असा अनुभव आल्यावर सरकारदरबारी वसाहतीची आखणी झाली. 1871 मध्ये डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानवर ग्रंथ लिहिला. माणसे, वनस्पती आणि प्राणी हे त्याचे विषय, म्हणजे पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांची दप्तरी नोंद झाली ती झाडापाखरांच्या पंक्तीत. ज्यांच्या डोक्यावर लाकूडफाट्याच्या मोळ्या होत्या, त्यांना हवा मानवते की नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. खैराचा कात काढून पोट भरणारा कातकरी जंगलबंदीनंतर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेला; त्याच्या लेकराचे वजन कोणत्याही गॅझेटियरात सापडावयाचे नाही.

कर्जतच्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील मांडव्यास, 1973 च्या सुमारास डॉ. नोशीर अंतिया यांनी तो प्रश्न विचारला. प्लास्टिक सर्जरीत नावाजलेल्या या गृहस्थाने गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती औषधे व नोंदवह्या दिल्या, आणि त्या स्त्रियांनी ते काम उत्तम निभावले. दहाएक वर्षांनी स्थानिक राजकारणाच्या विरोधापायी तो प्रयोग गुंडाळावा लागला, याची हळहळ मला आजही वाटते.

पुढचे पाऊल गडचिरोलीत पडले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा शंभरांतील ब्याण्णव जणींना स्त्रीरोग असल्याचे आढळले. 1989 मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला, परंतु माझ्या मते अधिक मोलाची गोष्ट अशी की, तो गावोगावच्या स्त्रियांपुढेही मांडला गेला. ज्यांचे शरीर मोजले त्यांनाच मोजमापाचा तपशील सांगणे, ही मला संशोधकाची पहिली जबाबदारी वाटते. पुढे 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. त्या सुमारासच पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास करीत होते. आपल्याकडील हलक्या वजनाच्या बाळाच्या अंगी मांस कमी पण चरबी त्या मानाने टिकून असते, हे त्यांनी दाखविले. म्हणजे उतारवयातील मधुमेहाचे मूळ आईच्या ताटापर्यंत, किंबहुना तिच्याही बालपणापर्यंत जाते. बालक, माता आणि वृद्ध असे आरोग्याचे वेगवेगळे कप्पे करणे त्यामुळे अवघड झाले.

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची गडचिरोलीची ती पद्धत 2011 मध्ये देशाच्या कार्यक्रमात रुजू झाली. आता दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी गावच्या आशा कार्यकर्तीने, म्हणजे आशाताईने, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे असते. पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, हातात धरावयाचा वजनकाटा आणि त्याला अडकवावयाची कापडी झोळी. झोळीत घातलेले बाळ क्षणभर अधांतरी लोंबते, आई दोन्ही तळवे त्याच्याखाली धरून उभी राहते, काटा थरथरत स्थिर होतो, आणि वहीत लिहिण्याआधी आशाताई तो तिच्याकडे वळवून धरते.