कोसा, कर्ज आणि बाजार

स्थानिक उद्योगाला आधार द्यायचा, हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. पण आधार म्हणजे नेमकं काय? आज करडीत बसून आपल्याच मोहाडी तालुक्यातल्या एका धंद्यावरून हे तपासू. तो धंदा म्हणजे कोसा.

मोहाडी, आंधळगावचे कोष्टी कोशाचं कापड विणतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण कोसा मागावर सुरू होत नाही. तो सुरू होतो जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर. तिथे ढिवर मंडळी अळ्या सोडतात आणि पाखरांपासून त्यांची राखण करतात. मग कोष उकळायचे, त्यातून बायांनी धागा काढायचा. त्यानंतर विणकर, आणि शेवटी व्यापारी. या साखळीतली एक कडी तुटली तरी माग थांबतो.

आता इतिहास बघा. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त सुती कापडापुढे हातमागाचं सुती कापड टिकणं अवघड झालं. कोसा मात्र तगला, कारण हाताने काढलेला तो गाठाळ, कमीजास्त जाडीचा धागा गिरणीच्या कामाचा नव्हता. पण पुढच्याच वर्षी, 1878 मध्ये, वन कायदा आला. राखीव जंगलातली झाडं वापरणं हा हक्क राहिला नाही, ती परवानगीची बाब झाली. म्हणजे दोन वर्षांत एकीकडे बाजार बदलला, दुसरीकडे झाडावरचा हात सुटला.

मग मदत आली ती कोणत्या रूपात? कर्जाच्या. 1904 चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांसाठी होता. एकत्र माल घेणं, बनवणं, विकणं यासाठी सहकारी संस्था काढण्याची मुभा मिळायला 1912 चा कायदा यावा लागला. हा क्रम लक्षात ठेवा: आधी पैसा, मग बाजार.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने केंद्रीय रेशीम मंडळ आलं, 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रं आली, 2015 मध्ये मुद्रा योजना आली. यातल्या प्रत्येकाचा उपयोग झाला, हे मान्यच करायला हवं. रोगमुक्त अंडीपुंज मिळाले नाहीत तर अळ्या झाडावरच मरतात, आणि ते पुरवण्याचं काम रेशीम विभागच करतो. करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण खात्यांची वाटणी बघा. झाड वन खात्याचं, कोष रेशीम विभागाचा, माग वस्त्रोद्योगाचा, कर्ज बँकेचं. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात मासेमारीची जाळी विणणारा आहे, पण कापड विणणारा नाही. त्याची योजना वेगळ्या मंत्रालयात!

कारागिराला कर्ज नको असं आमचं म्हणणं नाही. पण कोष मिळाला नाही आणि साडी खपली नाही, तर कर्ज फेडायचं कशातून? मागाचा पैसा मग घरखर्चात जातो, आणि पोरगा नागपूरची गाडी धरतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत योजना किती आल्या एवढंच विचारू नका. ऐनाची झाडं किती उरली, धागा काढणाऱ्या बाईला किती मजुरी मिळते, साडी कोण विकत घेतो, हे तीन प्रश्न विचारा. या तालुक्यात कोसा आजवर टिकला तो या तिघांच्या जोरावर.