वसाहतीतील वेगमर्यादा : अधिकार आहे, फलक कुठे?

नागपूर : त्रिमूर्तीनगर असो, नंदनवन असो की मानेवाडा, वसाहतीतील अंतर्गत रस्ता हेच मुलांचे मैदान आणि ज्येष्ठांचा फिरण्याचा मार्ग. शिकवणीला उशीर झालेले दुचाकीस्वारही तेथूनच सुसाट जातात. ‘पोलिस काय करतात?’ हा प्रश्न मग ओघानेच येतो. त्याचे उत्तर मोटार वाहन कायद्यात आहे. मात्र ते वाटते तितके सरळ नाही.

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतील रस्त्यांसाठी कारला ताशी ७०, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० किलोमीटर अशी कमाल मर्यादा घातली. वर्धा मार्ग आणि दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या असलेली गल्ली असा भेद तिने केला नाही. तो करण्याची सोय १९८८ च्या कायद्यातील कलम ११२ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून राज्य शासन अथवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी मर्यादा कमी करू शकतो. त्यासाठी राजपत्रातील अधिसूचना आणि रस्त्यावर फलक, दोन्ही लागतात. निर्बंध एक महिन्यापर्यंतचाच असेल तर अधिसूचनेची गरज नाही. फलक नसेल, तर ‘तीसची मर्यादा’ कागदावरच राहते.

पुढची अडचण पुराव्याची. ‘गाडी फार वेगात होती’, एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कलम १८३ खाली दोष सिद्ध होत नाही. यंत्राने केलेल्या मोजणीचा आधार हवा. म्हणून स्पीड गन. पण तिला सरळ, मोकळा पट्टा लागतो. रिंगरोडवर तो मिळतो. वळणे, उभ्या गाड्या आणि भाजीच्या हातगाड्या असलेल्या गल्लीत क्वचितच. शहरातील कॅमेरेही मुख्यतः चौकांवर आहेत. यंत्र नसताना पोलिसांकडे उरते ते कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहनचालन. त्यात वेगाचा आकडा नव्हे, तर चालकाने निर्माण केलेला धोका दाखवावा लागतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगमर्यादा मोडणाऱ्या हलक्या वाहनासाठी १ ते २ हजार आणि मध्यम वा जड वाहनासाठी २ ते ४ हजार रुपये दंड ठरला. महाराष्ट्रात सुधारित दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना जप्त होऊ शकतो.

नागपुरात पूर्वी खड्डेच वेगाला लगाम घालत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सिमेंटचे रस्ते आले आणि तो लगाम सुटला. मग रहिवाशांनी स्वतःच गतिरोधक घातले: कुठे नळाच्या पाइपएवढे उंच, कुठे डांबराचा ओबडधोबड ढीग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. अरुंद, टोकदार उंचवटा वेग कमी करण्यापेक्षा पाठीचे मणकेच अधिक मोजतो, आणि रात्री न दिसल्यास दुचाकीस्वाराचा घातही करतो.

दिल्ली वाहतूक पोलिसांनी जून २०२१ मध्ये निवासी भागातील लहान रस्ते, बाजारपेठा आणि सेवा रस्त्यांवर सर्व वाहनांसाठी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा जाहीर केली. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, हा नियम आला. या आकड्यामागे साधे गणित आहे. ताशी ६० च्या वेगात चालकाला ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे जाते. ३० च्या वेगात सुमारे ८ मीटर. धडकेतील ऊर्जा तर चौपट होते.

एखाद्या रस्त्यासाठी मर्यादा हवी असल्यास पोलिस उपायुक्त, वाहतूक यांच्याकडे लेखी अर्ज करता येतो. रस्त्याची दोन्ही टोके, शाळा वा रुग्णालय, वर्दळीच्या वेळा आणि पूर्वीचे अपघात यांची नोंद त्यात असावी. गतिरोधकाची मागणी मात्र महापालिकेकडे करावी लागते.