खालची कवळी

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसलेल्या आत्याने पदराआड तोंड करून खालची कवळी काढली, वाटीत ठेवली आणि चकलीचा तुकडा चहात बुडवला. घरातल्या कोणालाही त्यात नवल वाटले नाही. वरची कवळी तिला छळत नाही. खालची मात्र बोलताना नाचते, खाताना टोचते. एकाच तोंडात हा पंक्तिप्रपंच का, हे शोधता शोधता मी इतिहासात जाऊन पोहोचलो.

मूळ कारण देहाच्या घडणीत आहे. वरच्या कवळीला टाळूचा ऐसपैस आधार असतो, ती चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालासारखी. तिने अरुंद हिरडीवर बसायचे आणि जिभेचे धक्केही सोसायचे. त्यात दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजते.

हे दुःख थोरामोठ्यांनाही चुकले नाही. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा स्वतःचा असा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती, ही शब्दशः दंतकथा! ती पाणघोड्याच्या सुळ्याची, माणसांच्या दातांची होती. वरच्या आणि खालच्या भागांमध्ये स्प्रिंगा होत्या. तोंड मिटायचे तर त्या दाबून धराव्या लागत. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कडक रबराची स्वस्त कवळी निघाली. गरिबाचाही चेहरा भरला. पण खालची कवळी नाचतच राहिली.

तिला जागेवर बसवण्याचा मार्ग सापडला तो एका सशामुळे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची नळी बसवून रक्ताचा प्रवाह पाहत होते. काम झाल्यावर नळी काढू गेले, तर ती निघेना! हाडाने धातूला आपलेसे केले होते. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी योस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात असे खुंट बसवले. बिचाऱ्यांच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होते. २००६ मध्ये ते वारले, तोवर त्या खुंटांनी त्यांना साथ दिली.

मला खरी मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट. खुंट पक्का बसला का, हे क्ष-किरण सांगतील. माणूस सुखी झाला का, हे कोण सांगणार? १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ४९ प्रश्नांची एक यादी तयार झाली. शब्द उच्चारताना अडखळता का? काही पदार्थ टाळता का? चारचौघांत संकोच वाटतो का? उत्तरे रोग्याने द्यायची. अशा विचारपुशीतून दिसले, की खाली दोनच खुंट बसवून त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी कवळी दिली, तर साध्या कवळीपेक्षा माणसे अधिक समाधानी असतात. २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले, की खालचे सर्व दात गेलेल्यांना पहिला उपाय हाच सुचवावा. अर्थात खर्च मोठा, हाड आणि प्रकृतीही पाहावी लागते. म्हणून अजून तो सर्वांच्या वाट्याला येत नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी आत्याजवळ बसलो. म्हटले, "आत्या, या कवळीपायी तू काय काय सोडलंस गं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पेरू सोडला. भाजलेलं कणीस सोडलं. लग्नाच्या पंगती सोडल्या. आणि भजनात मोठ्यानं गायचं सोडलं रे."

कवळी लागून तिला बारा वर्षे झाली होती. तिच्या गळ्यावर आमचे सारे घर एके काळी पहाटे जागे होत असे. ती गप्प का झाली, हे बारा वर्षांत आम्हां कोणालाच विचारावेसे वाटले नव्हते.

दिवाळी सरल्यावर तिला दंतवैद्याकडे न्यायचे ठरले आहे. खुंट बसतील की नाही, ते तिचे हाड ठरवील. यंदा मात्र तिच्यासाठी चकल्या जरा मऊ करायला सांगितल्या आहेत.