रायपुरात पुण्याच्या बाजूनं

28 एप्रिल 2013, रविवार. घड्याळ मागे फिरवून तुम्ही रायपुरात उतरला आहात आणि आजचा निकाल तुम्हाला पाठ आहे: पुणे वॉरियर्स दिल्लीकडून 15 धावांनी हरणार. तरीही संध्याकाळी तुम्ही निघताच.

नया रायपूरकडे जाणारा रस्ता ऐसपैस आणि ओसाड. मंत्रालय इकडे येऊन अजून वर्षही झालेलं नाही. दिव्यांचे खांब आलेत, माणसं यायची आहेत. ऊन कललं तरी लू अंगाला चटके देते. परसदा गावाजवळ स्टेडियम एकदम समोर उभं राहतं. त्याला नाव आहे शहीद वीर नारायण सिंहांचं. सोनाखानच्या या जमीनदारानं दुष्काळात भुकेल्यांसाठी सावकाराचं धान्य काढून वाटलं. इंग्रजांनी त्याला 10 डिसेंबर 1857 रोजी याच रायपुरात फाशी दिली. जिंकणाऱ्यांचीच आठवण ठेवायची असती, तर हे नाव या कमानीवर आलं नसतं.

फाटकावर झडती होते. पाण्याची बाटली, काडेपेटी, चिल्लर सगळं बाहेर. शेजारचे काका पाच रुपयांच्या नाण्यासाठी शिपायाशी हुज्जत घालतात, हरतात आणि हसत आत येतात. त्यांची जागा नेमकी तुमच्या बाजूला.

रायपुरातला हा पहिलाच आयपीएल सामना. हजाराहून जास्त किलोमीटर लांबची दिल्ली आज कागदोपत्री इथली यजमान, म्हणून सगळं मैदान सेहवागच्या नावानं दणाणतंय. छत्तीसगडचा स्वतःचा संघ रणजीत उतरायला 2016 उजाडणार आहे. तोवर माया उसन्या संघावर. या गलक्यात काका एकटेच ओरडतात, "चला पुणे!"

"पुण्याचे का तुम्ही?" तुम्ही विचारता.

"छे हो. इथल्याच तात्यापाऱ्यातले. नागपूरकर भोसल्यांच्या काळात आलो, ते इथलेच झालो. मी तर नागपूरच्या पुढे फारसा गेलोच नाही."

"पण भोसल्यांचं आणि पुण्याचं तर कधी जमलं नाही."

"नाहीच जमलं! पण ती घरची भांडणं. घरची भांडणं दिल्लीसमोर काढतात का बाप्पा?"

संघात पुण्याचे किती, हे विचारायचं नसतं. पुण्याचा केदार जाधव तर यंदा समोरच्या दिल्लीच्या ताफ्यात आहे. काकांना ते ठाऊक आहे. पाच दिवसांपूर्वी बंगळुरात गेलनं याच पुण्याची धुलाई करत 66 चेंडूंत नाबाद 175 केल्या, तेही त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मागच्या हंगामाअखेरीस नऊ आणि या हंगामाच्या सुरुवातीला दोन, असे सलग अकरा पराभव पचवलेला हा माणूस आहे.

दोन षटकांच्या मधे काकांचं दुसरंच काही चाललेलं असतं. कूलरची खस बदलायची राहिली. लोणच्याच्या कैऱ्या अजून उतरायच्या आहेत. महाराष्ट्र मंडळात भाचीसाठी एक स्थळ कळलंय, पण मुलगा भिलाईचा की दुर्गचा, याचा घोळ आहे. तेवढ्यात वॉर्नर चेंडू गॅलरीत भिरकावतो. काका वाक्य अर्धं सोडतात, कपाळावर हात मारतात आणि पुन्हा भिलाईवर येतात. वॉर्नर नाबाद 51, दिल्ली 164.

पुण्याची फलंदाजी सुरू होते आणि तुमची पंचाईत होते. निकाल माहीत असलेल्या माणसानं स्वस्थ बसायला हवं. पण उथप्पाचा एक फटका सीमेपार जातो आणि तुम्ही काकांच्या आधी उभे राहता. घसा ताणून "पुणे!" म्हणता. शेजारचा पोरगा तुमच्याकडे कीव करत बघतो. उथप्पा 37 वर जातो. शेवटी फलकावर 149, बाद फक्त चार. सहा गडी हातात राखून हरलेला संघ! काका म्हणतात, "पैसे बँकेत ठेवून उपाशी राहण्यातली गत."

परतीच्या गर्दीत तुम्हाला राहवत नाही. पुढचं सगळं सांगून टाकता. दिल्ली या हंगामात तीनच सामने जिंकणार, त्यातले दोन इथे रायपुरात, आणि तळाला जाणार. पुणे जेमतेम एका विजयानं तिच्या वर. 19 मे रोजी गहुंज्यात पुणे याच दिल्लीला 38 धावांनी हरवेल, पण तो पुण्याचा शेवटचा सामना. दोनच दिवसांत संघाची मालक सहारा अंग काढून घेईल आणि ऑक्टोबरात बोर्ड संघच रद्द करेल. तिकडे शिकागोच्या कब्ज या बेसबॉल संघाचे लोक 1908 पासून थांबलेत, त्यांना 2016 मध्ये विजेतेपद मिळेल. तुम्हाला तेही नाही.

काका सगळं ऐकून घेतात. "शेवटचा सामना जिंकतात म्हणता? दिल्लीविरुद्ध?"

"हो."

"मग झालं की."

तुम्ही समजावायला तोंड उघडता आणि गप्प होता. निकाल पाठ असताना तुम्हीही उभे राहून ओरडलात. काकांनी तर निकालावर कधी काही लावलंच नव्हतं. परक्या मुलखात आपल्याकडचं एक नाव वर्षातून चार वेळा मोकळ्या गळ्यानं घेता आलं, एवढंच त्यांचं मागणं. संघ त्या मागण्याला पुरून उरला होता, आणि तो मोडल्यावर काका दुसरं नाव शोधणार, हे सांगायला भविष्य माहीत असावं लागत नाही.